पान की फुलोरा? आंतरराष्ट्रीय करारांची वारंगा फाट्यापर्यंतची वाट

नांदेडहून येणारा रस्ता हिंगोली जिल्ह्यातील वारंगा फाट्यावर दुभंगतो. एक वाट कळमनुरी, हिंगोली, वाशीममार्गे अकोल्याकडे जाते, तर दुसरी हदगाव, उमरखेड, यवतमाळमार्गे नागपूरकडे. तेलंगणातून विदर्भाकडे जाणाऱ्या मालवाहतुकीचा हा एक महत्त्वाचा सांधा होय. समजा, अशा फाट्यावर पोलिसांनी एखादे वाहन अडवले आणि त्यात २५ किलो हिरवट पाला सापडला. तो गांजा ठरला, तर चालकाला किमान १० आणि कमाल २० वर्षांची सक्तमजुरी होऊ शकते. त्यात फुलोऱ्याचे शेंडे नसून नुसती पाने असतील, तर कायद्याच्या व्याख्येनुसार तो गांजाच नव्हे! एवढा मोठा फरक ठरवणारी ही व्याख्या कळमनुरीत, मुंबईत किंवा दिल्लीत जन्मलेली नाही. तिचा प्रवास शतकाहून अधिक काळाचा आहे.

अफूपासून आरंभ

या करारांचा उगम अफूच्या व्यापारात आहे. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे आणि मुंबईतील अनेक पेढ्यांची भरभराट त्यावर झाली. चीनमधील व्यसनाधीनतेविरुद्ध जनमत तयार झाल्यावर १९०९ मध्ये शांघायला १३ देशांचा आयोग भरला. २३ जानेवारी १९१२ रोजी हेग येथे पहिला आंतरराष्ट्रीय अफू करार झाला. पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्साय तहात त्याची अट घातली गेल्याने तो बहुतेक देशांना लागू झाला.

गांजाचा प्रश्न मात्र भारतात त्याआधीच तपासला गेला होता. ब्रिटिश संसदेत प्रश्न उपस्थित झाल्यावर १८९३ मध्ये नेमलेल्या आयोगाने ११९३ साक्षीदारांची मते घेतली. तेव्हा मुंबई इलाख्यात अहमदनगर जिल्हा गांजाच्या पिकासाठी ओळखला जाई. पाने म्हणजे भांग, मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस, हा देशी भेद आयोगाने आपल्या मांडणीचा आधार केला. संपूर्ण बंदी घालू नये. परवाना व कर यांच्या साह्याने नियंत्रण ठेवावे, असा त्याचा १८९४ मधील निष्कर्ष होता.

जिनिव्हा ते न्यूयॉर्क

१९२५ च्या जिनिव्हा परिषदेत इजिप्तच्या प्रतिनिधीने गांजा व चरस यांचा विषय लावून धरला आणि त्या वर्षीच्या करारात ‘भारतीय हेम्प’ प्रथमच समाविष्ट झाले. व्याख्या होती मादी झाडाच्या वाळलेल्या फुलोऱ्याची. पाने तिच्या बाहेर राहिली. पुढे ब्रिटिश हिंदुस्थानात १९३० चा घातक औषधी द्रव्ये कायदा आला. हिंगोली तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो कायदा येथे लागू नव्हता. हैदराबाद संस्थानाच्या विलीनीकरणानंतर या भागालाही देशाची एकच चौकट मिळाली.

संयुक्त राष्ट्रांनी विखुरलेले जुने करार एकत्र करून ३० मार्च १९६१ रोजी न्यूयॉर्क येथे एकल करार संमत केला. भारतासारख्या देशांतील भांगेची परंपरा लक्षात घेऊन, शेंडे सोबत नसतील तर पाने व बिया व्याख्येतून स्पष्टपणे वगळण्यात आल्या. गांजाचा वैद्यकीय व वैज्ञानिक कारणांव्यतिरिक्त होणारा वापर थांबवण्यासाठी करार अमलात आल्यापासून २५ वर्षांची मुदत मिळाली. करार १३ डिसेंबर १९६४ रोजी अमलात आला. म्हणजे मुदत १९८९ अखेर संपणार होती.

करारातून कायद्यात

ही मुदत जवळ येत असताना संसदेने १९८५ मध्ये गुंगीकारक औषधी द्रव्ये व मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम केला. १४ नोव्हेंबर १९८५ पासून तो लागू झाला. सरकारमान्य गांजाची दुकाने त्यामुळे इतिहासजमा झाली. एकल करारातील व्याख्या मात्र जवळपास शब्दशः या कायद्यात उतरली. १९८८ च्या व्हिएन्ना कराराने तस्करी, त्यातून येणारा पैसा आणि मालमत्ता यांवर भर दिला. २००१ च्या दुरुस्तीने आपल्याकडे शिक्षा वजनाशी जोडली गेली. गांजासाठी एक किलोपर्यंत ‘अल्प’, तर २० किलोपेक्षा अधिक ‘व्यापारी’ प्रमाण मानले जाते. व्यापारी प्रमाणाच्या गुन्ह्यात जामिनावर कलम ३७ ची कडक बंधने येतात.

म्हणूनच वजन कशाचे केले, हा प्रश्न निर्णायक ठरतो. पाने, देठ, बिया आणि शेंडे एकत्र तोलले, तर आकडा फुगतो आणि आरोपी व्यापारी प्रमाणात जाऊन पडतो. पंचनाम्यात शेंड्यांचा उल्लेखच नसेल, तर जप्त माल गांजा कसा मानावा, असा युक्तिवाद बचाव पक्ष करतो. मुंबई उच्च न्यायालयाने २०२२ पासून काही प्रकरणांत जामीन देताना हा मुद्दा विचारात घेतला आहे. मात्र याचा अर्थ पानांना मोकळे रान आहे, असा नव्हे. भांगेवर राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी कायद्याची बंधने आहेत. शिवाय गांजाच्या झाडाची विनापरवाना लागवड हा स्वतंत्र गुन्हा असून त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तुरीच्या किंवा कपाशीच्या ओळींत दोन-चार झाडे लावणाऱ्याने हे विसरू नये.

जगाची भूमिकाही स्थिर राहिलेली नाही. २ डिसेंबर २०२० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ आयोगाने २७ विरुद्ध २५ मतांनी गांजाला सर्वांत कठोर अशा चौथ्या अनुसूचीतून वगळले. भारताने वगळण्याच्या बाजूने मत दिले. तरीही पहिल्या अनुसूचीतील त्याचे स्थान आणि भारतातील बंदी कायम आहे.

शंभर वर्षांच्या वाटाघाटींचा अर्थ अखेर एका तराजूपाशी येऊन ठेपतो. जप्तीच्या वेळी शेंडे वेगळे करून तोलले आणि पंचनाम्यात तसे नोंदवले, तर खरा तस्कर सुटत नाही आणि मजुरी करणारा चालक फुगवलेल्या वजनाची शिक्षा भोगत नाही. त्यासाठी नव्या कराराची नव्हे, तर आहे तीच व्याख्या नीट वाचण्याची गरज आहे.