डॉ. वेंकटस्वामी : शल्यचिकित्सक आणि शिक्षक

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंग गढूळ होणे. बाहुलीमागील हे भिंग वयोमानानुसार आपली पारदर्शकता गमावते आणि प्रकाश दृष्टिपटलापर्यंत नीट पोहोचेनासा होतो. हा दोष औषधाने दूर होत नाही. शस्त्रक्रिया करून गढूळ भिंग काढावेच लागते. त्यामुळे जेथे मोतीबिंदूने अंध झालेले लोक पुष्कळ आणि शल्यचिकित्सक थोडे, तेथे एखादा डॉक्टर स्वतः किती कुशल आहे एवढ्यावर भागत नाही. आपले कौशल्य तो किती जणांच्या हाती देऊ शकतो, हाही तितकाच महत्त्वाचा प्रश्न ठरतो. मदुराईचे डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

तामिळनाडूतील वडमलापुरम या खेड्यात १९१८ साली एका शेतकरी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नात्यातील तरुण स्त्रिया गरोदरपणात आणि बाळंतपणात दगावल्याचे त्यांनी लहानपणी पाहिले होते. त्यामुळे प्रसूतितज्ज्ञ व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. १९४४ साली मद्रासच्या स्टॅन्ली वैद्यकीय महाविद्यालयातून पदवी घेऊन ते सैन्याच्या वैद्यकीय सेवेत गेले. परंतु तीव्र संधिवाताने त्यांना दीर्घकाळ अंथरुणाला खिळवले, हातांची बोटे कायमची वाकडी झाली आणि १९४८ साली सैन्य सोडावे लागले. प्रसूतिशास्त्राचा मार्ग बंद झाल्यावर ते नेत्रविद्येकडे वळले. वाकड्या बोटांत शस्त्र कसे धरावे, हे त्यांना नव्याने शिकावे लागले. आपल्या बोटांना मानवतील अशी उपकरणेही त्यांनी करवून घेतली. याच हातांनी पुढे त्यांनी एक लाखाहून अधिक शस्त्रक्रिया केल्या.

१९५६ साली ते मदुराईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात नेत्रविभागाचे प्रमुख झाले. खेड्यातील अंध माणूस रुग्णालयापर्यंत येत नाही, हे ध्यानात आल्यावर १९६० नंतरच्या दशकात त्यांनी गावोगावी नेत्रशिबिरे भरवण्यास आरंभ केला. एवढ्या मोठ्या संख्येने रुग्ण तपासायचे, तर डॉक्टरांचा वेळ फार मोलाचा ठरतो. दृष्टी तपासणे, चष्म्याचा क्रमांक काढणे, डोळ्यातील दाब मोजणे ही कामे प्रशिक्षित साहाय्यकही अचूकपणे करू शकतो. त्यानुसार १९७३ साली नेत्रसाहाय्यकांचा अभ्यासक्रम सुरू झाला. त्याच वर्षी भारत सरकारने डॉ. वेंकटस्वामींना पद्मश्री देऊन गौरवले.

१९७६ साली, वयाच्या ५८ व्या वर्षी, ते शासकीय सेवेतून निवृत्त झाले. काम तेथेच थांबू नये म्हणून त्यांनी मदुराईत एका घरात ११ खाटांचे रुग्णालय उघडले आणि श्रीअरविंदांच्या स्मरणार्थ त्याला ‘अरविंद नेत्र रुग्णालय’ असे नाव दिले. भगिनी डॉ. नाच्चियार, त्यांचे पती डॉ. नम्पेरुमाळसामी आणि इतर आप्त त्यांना येऊन मिळाले. ज्यांना परवडते त्यांनी शुल्क द्यावे आणि त्या उत्पन्नातून गरिबांवर विनामूल्य उपचार व्हावेत, अशी व्यवस्था ठेवली गेली.

या रुग्णालयात शस्त्रक्रियेची मांडणी नव्याने करण्यात आली. शल्यचिकित्सकाजवळ दोन टेबले असत. एकावरील शस्त्रक्रिया चालू असताना दुसऱ्यावरील रुग्णाची तयारी साहाय्यिका पूर्ण करीत. पहिली संपताच डॉक्टर दुसऱ्याकडे वळत. या साहाय्यिका प्रामुख्याने खेड्यांतील शालेय शिक्षण झालेल्या मुली होत्या. दोन वर्षांच्या प्रशिक्षणानंतर रुग्णालयाच्या कामाचा मोठा भार त्यांच्यावर सोपवला जाई. संस्थेत नेत्रवैद्यकाचे पदव्युत्तर शिक्षणही सुरू झाले, आणि तरुण डॉक्टरांना हाताखाली भरपूर रुग्ण मिळाल्याने त्यांचे कौशल्य लवकर पक्के होऊ लागले.

केवळ कौशल्य मात्र पुरेसे नव्हते. शस्त्रक्रिया विनामूल्य असूनही पुष्कळ लोक येत नसत. प्रवासाचे भाडे, जेवणाचा खर्च, सोबतीच्या माणसाची बुडणारी मजुरी आणि मनातील भीती, या अडचणी होत्याच. त्या जाणून घेऊन संस्थेने शिबिरातील रुग्णांची ने-आण, राहणे व जेवण यांची जबाबदारीही स्वीकारली. रुग्ण येत नाही याचा दोष रुग्णाला न देता त्याचे कारण शोधावे, हाही तेथील शिक्षणाचा भाग झाला.

पुढे गढूळ भिंगाच्या जागी कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होऊ लागली. पण परदेशी भिंगे गरिबांना परवडणारी नव्हती. १९९२ साली ‘ऑरोलॅब’ने ती मदुराईतच अल्प किमतीत बनवण्यास प्रारंभ केला. त्याच वर्षी लायन्स संघटनेच्या साहाय्याने एक प्रशिक्षणसंस्था उभी राहिली. भारतातील आणि परदेशातील इतर नेत्ररुग्णालयांना आपली कार्यपद्धती शिकवणे, हे तिचे काम होते. आपली पद्धत स्वतःपुरती राखून न ठेवता इतरांना देण्याचे धोरण डॉ. वेंकटस्वामींनी अखेरपर्यंत पाळले. ७ जुलै २००६ रोजी त्यांचे निधन झाले. तोवर संस्थेची रुग्णालये तामिळनाडूतील अनेक शहरांत आणि पुदुच्चेरीत उभी राहिली होती, आणि त्यांचा कारभार त्यांच्या हाताखाली तयार झालेली माणसे पाहत होती.