तीन ग्रॅमचा दरारा

अमेरिकेत परसात किंवा सज्जात साखरपाण्याचे भांडे टांगून हमिंगबर्ड पाहण्याचा छंद अनेक घरांत जोपासला जातो. या पक्ष्याच्या झळाळत्या रंगांइतकेच त्याचे वागणेही माणसाला खिळवून ठेवते. ते पाहताना हसू येते आणि त्यामागचे शास्त्र उमगले की त्या हसण्यात आदरही मिसळतो.

हमिंगबर्डच्या साडेतीनशेहून अधिक जाती असून त्या सर्व केवळ उत्तर व दक्षिण अमेरिकेत आणि लगतच्या बेटांवर आढळतात. महाराष्ट्रात जास्वंदीवर दिसणाऱ्या शिंजिराला पुष्कळदा हमिंगबर्ड समजले जाते. परंतु ही दोन कुळे वेगळी आहेत. शिंजीर बहुधा फांदीवर बसून मकरंद पितो, तर हमिंगबर्ड हवेत एका जागी तरंगत पितो आणि उलट दिशेनेही उडू शकतो.

पूर्व अमेरिकेत परसात येणारा रूबी-थ्रोटेड हमिंगबर्ड, म्हणजे माणकासारख्या लाल गळ्याचा हमिंगबर्ड, वजनाने जेमतेम तीन ग्रॅम भरतो. तरीही त्याचा नर जवळच्या काटकीवर ठाण मांडून साखरपाण्यावर पहारा देतो आणि आपल्याहून मोठ्या पक्ष्यांवरही धावून जातो. एका घुसखोराला हुसकावण्यासाठी तो दूर गेला की दुसरा हळूच येऊन पोटभर पिऊन घेतो, आणि पहारेकऱ्याची मात्र दिवसभर धावपळ चालू राहते. भांडे भरलेले असतानाही चाललेला हा आटापिटा व्यर्थ वाटतो. परंतु निसर्गात एका फुलात मकरंद अत्यल्प असतो व तो पुन्हा साठायला वेळ लागतो, त्यामुळे फुलांचा ताटवा राखणे त्याच्या हिताचेच असते. सेकंदाला सुमारे पन्नास वेळा पंख हलवणाऱ्या आणि दिवसभर वरचेवर खावे लागणाऱ्या या जिवाला अन्नाच्या बाबतीत गाफील राहणे परवडत नाही.

कॅलिफोर्नियातील अॅनाज हमिंगबर्डच्या नराचा तोरा याहून वेगळा असतो. मादीला आकर्षित करण्यासाठी तो उंच चढतो, तेथून सूर मारतो आणि तळाशी पोहोचताच एक कर्कश चिवचिवाट ऐकू येतो. हा आवाज कंठातून येत नसून वेगामुळे थरथरणाऱ्या शेपटीच्या बाहेरच्या पिसांतून निघतो, असे ख्रिस्तोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवून दिले. असा सूर तो कधीकधी माणसांच्या रोखानेही मारतो. लाल रंग दिसला की तेथे मकरंद असेल या अपेक्षेने लाल टोपी घातलेल्या माणसासमोर तरंगत तिची कसून तपासणी करणारे हमिंगबर्डही पाहणाऱ्यांच्या चांगले परिचयाचे असतात.

दिवसा एवढा आवेश दाखवणारा हा पक्षी थंड रात्री शक्ती वाचवण्यासाठी अनेकदा जडावस्थेत जातो. म्हणजे त्याच्या शरीराचे तापमान व हृदयाची गती बरीच खाली येते आणि तो निश्चेष्ट भासतो. अशा वेळी तो मेला आहे असे समजून त्याला हलवू नये, कारण शरीर पुन्हा तापल्यावर तो आपोआप जागा होतो.

ही करमणूक पक्ष्यांना बाधू नये, याची जबाबदारी मात्र यजमानावर असते. एक वाटी पांढरी साखर चार वाट्या पाण्यात विरघळवावी. गूळ, मध किंवा खाण्याचा रंग घालू नये. भांडे दर दोन-तीन दिवसांनी, उन्हाळ्यात तर रोज, धुवावे, कारण आंबलेले पाणी व बुरशी त्यांना घातक ठरते. एकमेकांपासून आड राहतील अशी दोन भांडी टांगली तर एका नराला दोन्हींवर हुकूमत गाजवता येत नाही आणि दुबळ्यांनाही निवांत पिता येते. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही स्वयंपाकघरातील साखरेवर हा शेजार सहज जोडता येतो. पाहुण्याची भूक, त्याचा हट्ट आणि त्याची रात्रीची विश्रांती या तिन्हींचा मान राखला की हा आनंद दोन्ही बाजूंनी निर्मळ राहतो.