रवाळ तूप आणि बेअरिंगचा धातू

कढवलेलं तूप सावकाश निवलं की छान रवाळ होतं. तेच गरम तूप लगेच फ्रिजमध्ये ठेवलं तर गुळगुळीत थिजतं. तूप एकच, फरक फक्त थिजण्याच्या वेगाचा. पानात रवाळ तूप आपल्याला आवडतं. पण टर्बाइनच्या बेअरिंगमध्ये मोठे रवे म्हणजे धोका!

फिरत्या शाफ्टखाली, पोलादी शेलच्या आत, एका मऊ मिश्रधातूचा थर ओततात. 1839 साली अशा अस्तराच्या बेअरिंगचं पेटंट घेणाऱ्या अमेरिकन आयझॅक बॅबिट यांच्यावरून त्याला बॅबिट म्हणतात. एका प्रचलित प्रकारात सुमारे 80 टक्के कथील, 12 टक्के अँटिमनी, 6 टक्के तांबं आणि थोडं शिसं असतं.

हा रस निवताना आधी तांबं-कथिलाच्या सुया तयार होतात, मग अँटिमनी-कथिलाचे चौकोनी रवे आणि शेवटी भोवतालचं मऊ कथील गोठतं. कठीण रवे भार पेलतात, मऊ कथील शाफ्टला सांभाळून घेतं. निवणं रेंगाळलं तर मात्र रवे मोठे होतात. ते रसापेक्षा हलके असल्याने वर तरंगू पाहतात. सुयांचं जाळं त्यांना बऱ्याच अंशी अडवतं. मोठा रवा ठिसूळ असतो. भार पुन्हापुन्हा पडला की तिथेच तडा जातो आणि पुढे सरकतो. भराभर निववलेल्या धातूत रवे बारीक आणि सगळीकडे सारखे पसरलेले असतात. त्यामुळे तो अधिक कणखर होतो आणि थकव्याला जास्त काळ तोंड देतो.

मग सरळ गार पाणीच ओतावं का? तसं नाही. शेल थंड असेल तर धातू त्याला धरतच नाही. म्हणून आधी शेल स्वच्छ करून त्याला कल्हई करतात, तापवतात, मग रस ओततात आणि शेलच्या बाहेरून पाणी मारतात. अशाने गोठणं शेलपाशी सुरू होऊन आत सरकतं, आणि आकसताना पडणारी पोकळी उरलेला रस भरून काढतो. उलट झालं तर ती पोकळी नेमकी सांध्यावर राहते. शेल गरगर फिरवत ओतण्याची पद्धतही आहे. पण त्यात गोठायला उशीर झाला तर जड सुया बाहेर फेकल्या जाऊन सांध्याशी साठतात आणि तो कमकुवत होतो.

म्हणजे रासायनिक तपासणीत दोन बेअरिंग अगदी सारखी ठरली, तरी एक वर्षानुवर्षं चालेल आणि दुसरं लवकर तडकेल. धातूत काय काय घातलं एवढं विचारून भागत नाही. तो कसा निवला, हेही विचारावं लागतं.