खारेपाटणचा ताम्रपट व शिलाहारांची वंशावळ

जुन्या घराण्याचें मूळ शोधतांना नांवांची माळ हातीं आली म्हणजे कार्यभाग झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः परीक्षेस आरंभ तेथूनच होतो. ह्याचें उत्तम उदाहरण आमच्या देवगडच्या शेजारींच आहे.

विजयदुर्गच्या खाडीवरील खारेपाटण हें गांव पूर्वीं देवगड तालुक्यांत मोडत असे. तेथें मिळालेला शिलाहार रट्टराजाचा ताम्रपट शके ९३०, कीलक संवत्सर (इ. स. १००८) ह्या सालचा आहे. तो प्रथम बाळशास्त्री जांभेकर यांनीं प्रसिद्ध केला; पुढें कीलहॉर्न यांनीं त्याचें पुनः संपादन केलें. बाळशास्त्री हे देवगड तालुक्यांतीलच पोंभुर्ल्याचे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

ह्या पटांतील वंशवर्णनाचे दोन थर आहेत. पहिल्यांत गरुडास स्वदेह अर्पण करणारा विद्याधर जीमूतवाहन हा मूळपुरुष. दुसऱ्यांत सणफुल्ल, धम्मियर, ऐयपराज, अवसर, आदित्यवर्मा, दुसरा अवसर, इंद्रराज, भीम, तिसरा अवसर व रट्टराज असे दहा पुरुष येतात.

दुसरा थर कसोटीस उतरतो. सणफुल्लास कृष्णराजाच्या प्रसादानें सह्याद्रि व समुद्र यांमधील प्रदेश मिळाला, असें पट सांगतो. हा कृष्णराज म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धांतील राष्ट्रकूट पहिला कृष्ण होय. तेथून इ. स. १००८ पर्यंत सुमारें २४० वर्षें होतात. दहा पुरुषांमध्यें अंतरें नऊ. म्हणजे पिढीस सुमारें २७ वर्षें पडतात. हें प्रमाण स्वाभाविक आहे. शिवाय पटांत राष्ट्रकूटांची व त्यांना जिंकणाऱ्या चालुक्य तैलपाची हकीकत येऊन रट्टराजाचा सार्वभौम म्हणून सत्याश्रयाचें नांव येतें; तें इतर लेखांशीं जुळतें. शके ९१० च्या पट्टणकुडी ताम्रपटावरून वीस वर्षें आधीं अवसर राज्य करीत होता, हेंही सिद्ध होतें.

पहिल्या थराची गोष्ट निराळी. ठाणें व कोल्हापूर येथील शिलाहारही जीमूतवाहनाचेच वंशज म्हणवितात. परंतु ते स्वतःस तगरपुराधीश्वर म्हणवीत, तर खारेपाटणचा पट आपल्या कुळाचा संबंध सिंहलाशीं जोडतो. तिन्ही शाखांस समान असा पूर्वज जीमूतवाहनाखेरीज कोणी सांगितलेला नाहीं. सबब तिन्ही घराण्यांचें कुलनाम एक होतें, इतकेंच म्हणतां येतें. रक्तसंबंध त्यावरून सिद्ध होत नाहीं.

हाच न्याय आजच्या घराण्यांसही लागू आहे. शेलार हें आडनांव शिलाहार शब्दापासून आलें, असें म्हणतात. ही व्युत्पत्ति मान्य केली तरी रट्टराजापासून आजच्या कुळापर्यंत येणाऱ्या पिढ्या केवळ आडनांवानें भरून निघत नाहींत. शब्दाची व्युत्पत्ति व कुळाची उत्पत्ति ह्या भिन्न वस्तु होत.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, दप्तरांत वंशावळ सांपडल्यास तिची नक्कल करतांना प्रत्येक नांवापुढें त्याचा आधार लिहावा, आणि जेथें आधार संपतो तेथें रेघ ओढावी. पुराणांतील पूर्वज गाळूं नयेत, कारण कुळाचा अभिमान कशांत होता तें त्यांवरून कळतें. मात्र त्यांस त्या रेघेच्या वर ठेवावें. पुढील अभ्यासकांस ती रेघ नांवांइतकीच उपयोगी पडेल.