हिजाझ : एका झिऱ्याभोवतीचा मुलूख

बुद्धपौर्णिमेला नागझिऱ्याच्या मचाणावर ज्यांनी रात्र काढली आहे, त्यांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. वैशाखात साऱ्या रानाच्या वाटा पाण्याकडे जातात. गवा येतो, अस्वल येते, नशिबात असेल तर वाघही. गोंदिया जिल्ह्यातल्या या जंगलाच्या नावातच 'झिरा' आहे. अरबस्तानच्या पश्चिम किनाऱ्याजवळ अशाच एका झिऱ्याभोवती माणसांची वाट पडली आणि एक मुलूख जगप्रसिद्ध झाला. मक्का, मदिना ही नावे आपल्या कानावर असतात; ती ज्या प्रदेशात आहेत त्या हिजाझची ओळख मात्र फारशी नसते.

हिजाझ म्हणजे अडसर. तांबड्या समुद्रालगत तिहामाची दमट, चिंचोळी पट्टी आणि आत नज्दचे पठार. या दोहोंमध्ये उघड्याबोडक्या डोंगरांची ही भिंत. मदिनेला खजुराच्या बागा आहेत. ताइफ उंचावर असल्याने थंड, तिथे गुलाब होतात. मक्का मात्र खडकाळ खोऱ्यात. तिथे शेती नाहीच. तान्ह्या इस्माईलसाठी पाणी शोधत हाजरा सफा आणि मरवा या टेकड्यांमध्ये सात वेळा धावली आणि झमझम फुटला, अशी श्रद्धा आहे. यात्रेकरू आजही त्या सात फेऱ्या घालतात. एका आईची तगमग धर्मविधी झाली, हे मला फार विलक्षण वाटते.

पण एका विहिरीवर हजारोंची तहान कशी भागणार? सुमारे बाराशे वर्षांपूर्वी खलिफा हारून अल रशीदची बेगम जुबैदा हिने डोंगरातून कालवा बांधून पाणी आणवले. अन्नही बाहेरूनच यायचे : इजिप्तचा गहू, हिंदुस्थानचा तांदूळ. सातव्या शतकात खलिफा उस्मानने जेद्दाला मक्केचे बंदर केले. तिथली जुनी घरे प्रवाळी दगडाची, आणि त्यांच्या नक्षीदार सज्जांना हिंदुस्थानातून आलेला सागही लागला आहे.

आपला या मुलखाशी संबंध आला तो बंदरांमुळे. मोगल काळात सुरत हा मक्केचा दरवाजा होता. पुढे आगबोटी आल्या आणि तो मान मुंबईकडे गेला. रेल्वे झाल्यावर विदर्भातला यात्रेकरूही मुंबई गाठू लागला. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात मुक्काम, मग मोगल लाइनची बोट. डेकवर वळकटी पसरायची, शिधा सोबत. वाटेत कामरान बेटावर क्वारंटाइन, कारण 1865 च्या पटकीने हजमध्ये हजारो माणसे मेली होती आणि साथीची धास्ती युरोपनेही घेतली होती. जेद्दाहून पुढे मक्केपर्यंत उंट. कित्येकजण जन्मभराची पुंजी घेऊन निघत आणि परतीच्या भाड्याला पैसे नसल्याने जेद्दात अडकून पडत. 'गाठोडे बांधून निघालो' म्हणजे खरोखरच निरोप घेऊन निघणे असे.

राज्ये बदलत गेली. तुर्कांनी 1908 मध्ये दमास्कस ते मदिना रेल्वे आणली. तिला हिंदी मुसलमानांनीही देणग्या दिल्या होत्या. 1916 मध्ये मक्केच्या शरीफ हुसेनने तुर्कांविरुद्ध बंड केले, 1925 मध्ये हिजाझ इब्न सौदच्या हाती गेला आणि 1932 मध्ये सौदी अरेबिया झाला. तेल सापडले 1938 मध्ये, तेही दूर पूर्वेला. तोवर या मुलखाची मोठी मिळकत यात्रेकरू हीच होती.

मुंबईहून हजला जाणारी बोट 1995 मध्ये बंद झाली. आता नागपूरहून विमान सुटते आणि काही तासांत जेद्दा किंवा मदिना येते. मक्केत आज समुद्राचे पाणी गोडे करून पुरवले जाते. तरी ऊन तेच आहे. 2024 च्या हजमध्ये पारा 51 अंशांच्या वर गेला आणि सौदी सरकारच्या आकड्यानुसार 1301 माणसे मरण पावली. त्यांतली बहुसंख्य विनापरवाना गेलेली, म्हणजे गारव्याच्या तंबूंत ज्यांना जागा नव्हती अशी.

परतणारा हाजी झमझमचा कॅन घेऊन येतो. घरी आल्यागेल्याला त्यातले घोटघोट पाणी मिळते, सोबत खजूर. शेजाऱ्यांकडे वाटी जाते ती वेगळीच.