विश्वासाची प्रार्थना

ख्रिस्ती प्रार्थनेंत विश्वासाच्या जोडीला अपेक्षाहि असावी, असें सांगतात. आमच्या बीडकडचा कोरडवाहू शेतकरी आभाळांत ढग दिसण्यापूर्वींच तिफण सज्ज करून ठेवतो. अपेक्षा म्हणतात ती हीच. नवसाची गोष्ट निराळी. तेथें देवाशीं करार होतो.

पंडिता रमाबाईंचें उदाहरण घेऊं. जॉर्ज मुल्लर, हडसन टेलर प्रभृतींचीं चरित्रें वाचून, केवळ देवावर भिस्त ठेवून आपल्या देशांत कार्य चालेल काय, हा प्रश्न त्यांना पडला. बोस्टनच्या मंडळानें दिलेलें दहा वर्षांच्या मदतीचें वचन संपत आलें होतें. अशा वेळीं १८९६-९७ च्या दुष्काळांतून सुमारें ३०० मुली व स्त्रिया त्यांनीं आणल्या! बाई प्रार्थना करीत, आणि केडगांवीं विहिरीहि खणवीत. १९०५ च्या जानेवारींत त्यांनीं धर्मजागृतीसाठीं नित्य प्रार्थना करणाऱ्या मुलींचा गट जमविला. जूनमध्यें ती जागृति झाली.

पण मागितलेलें सारेंच मिळतें काय? गेथशेमाने बागेंत खुद्द येशूनें विनविलें, तरी प्याला टळला नाहीं. आपल्यामागें संस्था सांभाळील अशी बाईंची कन्या मनोरमा १९२१ सालीं वारली. त्यानंतरहि मूळ हिब्रू व ग्रीकवरून चाललेलें बायबलाचें मराठी भाषांतर त्यांनीं हातावेगळें केलें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या. संपूर्ण ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला.