गुडघ्याचे लिगामेंट आणि वैद्यकीय निष्काळजीपणा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

ऑपरेशननंतर गुडघा पूर्वीसारखा झाला नाही म्हणजे डॉक्टरची चूक, हा सर्वांत पसरलेला गैरसमज. एसीएल हे गुडघ्याच्या आतले लिगामेंट फाटल्यावर बहुधा मांडीच्या मागच्या स्नायूची कंडरा काढून त्या जागी बसवतात. ती पुन्हा फाटणे, गुडघा आखडणे, जंतुसंसर्ग होणे हे धोके कुशल हातांनाही पूर्णपणे टाळता येत नाहीत. कायदा वाईट परिणामापेक्षा वाजवी काळजी घेतली की नाही, हे पाहतो.

याचा पाया महाराष्ट्रातल्याच एका खटल्याने घातला. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर अपघात होऊन एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. पुण्यात भूल न देता, जास्त जोर लावून ते बसवले गेले आणि त्याच दिवशी तो दगावला. ‘जोशी विरुद्ध गोडबोले’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ३,००० रुपयांची भरपाई कायम केली. रुग्ण हाती घ्यावा का, कोणते उपचार द्यावेत आणि ते कसे द्यावेत, या तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरने काळजी घेतली पाहिजे, असे न्यायालयाने ठरवले.

म्हणूनच चूक फक्त ऑपरेशन थिएटरमध्ये शोधणे अपुरे आहे. एक्स-रेमध्ये लिगामेंट दिसत नाही. ‘हाड शाबूत आहे’ म्हणून सुजलेला, लचकणारा गुडघा न तपासता घरी पाठवणे ही त्रुटी ठरू शकते. मात्र एसीएलचे ऑपरेशन सूज उतरेपर्यंत थांबवणे हा निष्काळजीपणा नव्हे. खरी घाई गुडघा निखळल्यावर असते. तेव्हा मागची रक्तवाहिनी फाटली आणि साधारण सहा ते आठ तासांत रक्तपुरवठा सुरू झाला नाही, तर पाय गमवावा लागू शकतो. अशा रुग्णाच्या पावलातली नाडी तपासल्याची नोंदच नसणे फार गंभीर आहे.

संमतीपत्रावर सही केली की हक्क संपतो, हेही खरे नाही. तपासणीपुरती दिलेली संमती तातडीची गरज नसताना पुढच्या शस्त्रक्रियेला लागू होत नाही, असे ‘समीरा कोहली’ निकालात २००८ मध्ये स्पष्ट झाले.

पोलिसांत गेल्याशिवाय दाद लागत नाही, असे अनेकांना वाटते. २००५ च्या ‘जेकब मॅथ्यू’ निकालानुसार फौजदारी गुन्ह्यासाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असावा लागतो. भरपाईचा मार्ग ग्राहक आयोगाचा आहे आणि १९९५ पासून पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा त्याच्या कक्षेत येते. आयोग जिल्हानिहाय असतात; उदाहरणार्थ, वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात, तर खारघर, कामोठे, पनवेल रायगड जिल्ह्यात मोडतात. तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला स्वतःच्या राहण्याच्या किंवा कामाच्या ठिकाणच्या आयोगाकडेही जाता येते. मुदत सर्वसाधारणपणे दोन वर्षांची आहे.

केसपेपर, एमआरआय आणि ऑपरेशनच्या नोंदी आधी लेखी मागाव्यात. मागणीनंतर ७२ तासांत त्या देणे डॉक्टरवर बंधनकारक आहे.